धुक्यातले रोहित, काठ्यांसकट

धुकं पडलं की भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, पक्षी टिपायला आलेले फोटोग्राफर हिरमुसतात. पुण्याहून अंधारात निघायचं, शंभरेक किलोमीटर गाडी हाणायची आणि कुंभारगावच्या काठावर उतरल्यावर स्वतःच्या होडीचं पुढचं टोकसुद्धा धड दिसत नाही. माझ्या कार्यशाळेत असं झालं की चेहरे पडतात. मला मात्र तो दिवस मनापासून आवडतो. जानेवारीतल्या अशाच एका सकाळी एका मुलाने काढलेला फोटो माझ्या डोळ्यांसमोर आकाराला आला, त्याची ही हकिगत.

मुलगा पिंपरीतल्या एका कारखान्यात कामाला. पैसे साठवून 200-600 ची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स घेतलेली. त्याला रोहितचा, म्हणजे फ्लेमिंगोचा, क्लोजअप हवा होता. पिवळा डोळा, चोचीचं काळं टोक, पीस न् पीस मोजता येईल असा. तसे बरेच फोटो त्याने मोबाइलमध्ये जमवून ठेवले होते. आदल्या संध्याकाळी त्याने ते मला दाखवले. चांगलेच होते, पण ते भिगवणचे, कच्छचे की एखाद्या प्राणिसंग्रहालयातले, हे कळायला फोटोत काहीच नव्हतं.

होडीवाले मामा इथलेच. उजनी धरण 1980 साली पुरं झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. मामांचं जुनं घरही त्यातच गेलं. हिवाळ्यात पाणी उतरत जातं तशी काठाला चिखलाची उथळ पट्टी उघडी पडते आणि रोहितांना नेमकी तीच लागते. मान खाली सोडायची, चोच पाण्यात उलटी धरायची आणि चिखलपाणी गाळून बारीकसारीक जीव खायचे, असं त्यांचं जेवण तासन्‌तास चालतं.

मामांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी रेटायला सुरुवात केली. आधी आवाज आला, घोगरा आणि एकसारखा. मग धुक्यात फिकट उभ्या रेघा दिसल्या, आणि बऱ्याच वेळाने त्या रेघांना पाय फुटले. पोराने लगेच 600 पर्यंत झूम ताणला. लेन्स फोकस शोधत पुढेमागे धावू लागली. ऑटोफोकसला उजेड-सावलीतला फरक लागतो, आणि तोच धुक्याने पुसलेला होता. त्याला जो काही फोटो मिळाला, तो करड्या कागदावर करडा डाग पडल्यासारखा होता.

"मामा, अजून जरा जवळ घ्या ना."

मामांनी बांबू चिखलात रोवून होडी थांबवली. "न्हाई दादा. माना वर झाल्यात, बघा."

ते माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं होतं. चरणाऱ्या रोहितची मान खाली असते. थव्यातल्या माना एकेक करत वर आल्या आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले, की ओळखायचं, आपण नको तेवढे जवळ आलोय. एवढ्या उंच पक्ष्याला उडायचं तर आधी पाण्यावरून धावत जावं लागतं, आणि कमावलेलं अन्न त्यात खर्ची पडतं. थवा मुद्दाम उठवून काढलेला फोटो माझ्या कार्यशाळेत पडद्यावर लागत नाही, कितीही देखणा असो. मामांनी होडी मागे घेतली. माना पुन्हा खाली गेल्या.

मी पोराला म्हटलं, "आता 200 वर ये."

"सर, पक्षी केवढासा दिसतोय!"

"आणि धुकं केवढं दिसतंय?"

तो थोडा वेळ व्ह्यूफाइंडरमधून नुसताच बघत राहिला. माझ्या मते त्या दिवसाचं खरं काम तिथे झालं, पुढचं सगळं हाताचं कौशल्य. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्या धुक्याला करडं करून टाकतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेल्या उजेडात हाताने केलेली वाढ-घट, एक ते दीड स्टॉप वर घ्यायला लावलं. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजवीकडे सरकला पाहिजे, पण भिंतीला धडकता कामा नये. फोकसचा एकच बिंदू ठेवून तो मानेच्या सर्वांत गडद कडेवर धरायचा. मग त्याला होडीत पालथं झोपवलं, लेन्स काठाच्या फळीवर बीनबॅग ठेवून पाण्यापासून वीतभर उंचीवर आणली. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे गढूळ पाणी येत होतं. तेवढं खाली आल्यावर पाणी आणि आकाश एकच झालं. वर पक्षी, खाली प्रतिबिंब, मध्ये रेघ नाही.

डावीकडे मासेमारीच्या जाळ्याच्या काठ्या होत्या, वाकड्यातिकड्या, एकीवर पाणकावळा बसलेला. पोरगा दर वेळी त्या टाळून फ्रेम लावत होता. मी त्याला नयन खानोलकरांच्या फोटोची आठवण करून दिली. मुंबईत आरे कॉलनीतल्या गल्लीतून रात्री जाणाऱ्या बिबट्याचा तो फोटो 2016 साली 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'मध्ये शहरी विभागात पहिला आला. येणारा बिबट्या अख्खी फ्रेम व्यापणार नाही अशा बेताने त्यांनी कॅमेरा लावला होता, फ्लॅशचा उजेड गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यांसारखा ठेवला होता, आणि हवा तसा फोटो मिळायला चार महिने गेले. त्यात गल्ली नसती तर उरला असता नुसता एक बिबट्या. "काठ्या घेऊन एक काढ, काठ्यांशिवाय एक काढ," मी म्हटलं, "संध्याकाळी ठरवू."

ऊन आल्यावर थवा आपणहून उठला. शटर 1/30 सेकंदावर आणून पॅनिंगचे, म्हणजे उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायचे, प्रयत्न झाले. पंख उघडले की आतला लालगुलाबी आणि काळा रंग दिसतो, तो पुसट पट्ट्यांसारखा पसरावा आणि डोकं तेवढं स्थिर राहावं, हा उद्देश. बहुतेक फ्रेम वाया जातात, त्याही गेल्या. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली. मग कितीही महाग लेन्स असली तरी दूरचा पक्षी मऊच येतो. आम्ही चिलापी आणि भाकरी खायला परतलो.

दुपारी लॅपटॉप उघडल्यावर पोराने पहिली गोष्ट केली ती म्हणजे डीहेझची, फोटोतलं धुकं कमी करणारी, पट्टी उजवीकडे ओढली. पक्षी ठसठशीत झाले, धुकं मळकट झालं, पोत दाणेदार झाला. ज्यासाठी सकाळी पालथं झोपायचं, तेच असं पुसून टाकलेलं मला बघवत नाही. पट्टी शून्यावर आणायला लावली. पांढरा किंचित वर, काळा आहे तिथेच, रंगाचं तापमान जरा थंड. पक्ष्यांपुरता मास्क करून, म्हणजे फक्त पक्षी निवडून, थोडासा कॉन्ट्रास्ट. गुलाबीला हात लावू दिला नाही. धुक्यात तो फिकाच असतो. मग फोटो सरळ करायचा प्रश्न आला. क्षितिजच नाही तर सरळ कशावरून ठरवायचं? पक्ष्याचा डोळा आणि प्रतिबिंबातला डोळा जोडणारी रेघ ओळंब्यात आली की झालं. पाऊण अंशाचा फरक निघाला, तेवढ्यानेही पाणी कललेलं वाटत होतं.

मग आल्या काठ्या. काढून टाकणं दोन क्लिकचं काम. निसर्गछायाचित्रणाच्या बहुतेक स्पर्धांत फ्रेममधली वस्तू अशी मिटवायला मनाई असते, ते त्याला माहीत होतं. पण त्याला स्पर्धेला पाठवायचा नव्हताच, भिंतीवर लावायचा होता. हो-नाही चालू असताना मामा उद्याच्या वेळेचं विचारायला आले आणि पडद्याकडे वाकून बघू लागले.

"ही जाळी आमच्या भाच्याची," ते काठ्यांवर बोट ठेवून म्हणाले. "तिथं खाली जुन्या रस्त्याचा भराव हाय. पाणी गुडघ्याएवढं. म्हणून जाळं तिथंच लागतं आन् पक्षीबी तिथंच उतरतो."

पोराने काठ्यांशिवायचा फोटो बंद केला. दुसऱ्यात डावीकडून कातरलेला भाग परत उघडला, शेवटची काठी आत येईपर्यंत कडा सरकवत नेली, आणि मामांना विचारलं, "हा भराव उजवीकडे कुठपर्यंत जातो?"