थांब्यावरची प्लेट

कंडक्टरकाकांना आहाराबद्दल नवीन सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मैदा टाळायचा, तळलेलं कमी, अर्ध्या ताटात भाज्या, भात वाटीभर, सगळं त्यांना पाठ होतं. ओपीडीच्या बाकावर शेजारी नवा पेशंट बसला की त्यालाही ते समजावून सांगायचे. आणि त्यांचा स्वतःचा मधुमेहाचा रिपोर्ट उघडला की एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ९.४, बराच चढा. आधीचाही त्याच्याच आसपास.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. काका एसटीत वाहक. ओळख पटू नये म्हणून त्यांच्या ड्युटीचे काही तपशील इथे बदललेत, बाकी जसं घडलं तसं.

एरवी एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात. "गोड बंद, तेलकट बंद, रोज चाला" असं सांगून छापील कागद हातात द्यायचा आणि पुढचा नंबर घ्यायचा. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता, गावांकडून कुणी येईना. काका मात्र आले, सोबत काकूही. काकूंच्या चेहऱ्यावरून वाटेत काय बोलणं झालं असेल ते कळत होतं.

"डबा मी देते मॅडम. पहाटे चारला उठून देते. आणि हे बाहेर खातात."

"इच्छा नाही असं नाही ओ," काका म्हणाले. "पांडुरंगाची शपथ, रोज ठरवून घराबाहेर पडतो."

"काय ठरवता?"

"आज बाहेरचं खायचं नाही."

मला त्या वाक्यावर थांबावंसं वाटलं. ठरवणं आणि करणं यांच्यामध्ये माणसं कुठे गळतात, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. जर्मनीतले पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली. 'मी अमुक करीन' एवढं म्हणून भागत नाही. कधी, कुठे आणि कसं हे आधीच बांधून टाकायचं: 'असं झालं की मी तसं करीन.' म्हणजे ऐन वेळी विचार करायची गरज पडत नाही, प्रसंग समोर आला की कृती आठवते. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात या पद्धतीचा परिणाम चांगलाच दिसला. खाण्यापिण्याबाबतचं चित्र जरा वेगळं आहे. नेदरलँड्समधल्या मारीके आद्रियान्से आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेल्या आढाव्यात, चांगलं खाणं वाढवायला असा बेत जास्त उपयोगी पडला आणि वाईट खाणं कमी करायला त्या मानाने कमी. त्यांच्याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगांत असंही दिसलं, की सवयीचा पदार्थ 'खायचा नाही' असा बेत केला तर तो उलटतो. नको-नको म्हणताना तोच पदार्थ मनात जागा राहतो.

काका रोज पहाटे नेमका हाच बेत करून निघत होते.

मी छापील कागद बाजूला सारला, एक कोरा घेतला आणि म्हटलं, "कालची ड्युटी सांगा. गजर वाजल्यापासून."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. पहाटे उठणं, बिनसाखरेचा चहा, त्याबरोबर शुगरची गोळी. डेपोत जाऊन तिकिटाचं मशीन घेणं, पुण्याची गाडी. नऊच्या सुमाराला हातांना थोडी थरथर, घाम. इथे मी पेन खाली ठेवलं. ग्लिमेपिराइडची गोळी चहावर घेऊन चार तास पोटात काही नाही, म्हणजे साखर खाली येतच असणार. ही खादाडी नव्हे. त्यांना तसंच उठवून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. गोळी खाण्याबरोबरच घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलं, वेळ बदलून दिली आणि थरथर झाली तर तीन चमचे साखर लगेच खायची हेही बजावलं. ही खरं तर माझ्या गोष्टीतली आडवाट आहे, पण पेशंटचा दिवस तासातासाने ऐकल्याशिवाय ती सापडली नसती.

परत खुर्चीत बसल्यावर गाडी पुढे निघाली. साडेनऊला महामार्गावरच्या हॉटेलात थांबा.

"तिथं काय खाता?"

"मी कुठं खातो मॅडम? प्लेट येती."

"म्हणजे?"

"स्टाफचं टेबल आतल्या बाजूला असतंय. आम्ही बसायच्या आत पोऱ्या प्लेट आणून ठेवतो. पुरीभाजी, नाहीतर वडा-सांबार. वर गोड चहा. विचारत नाही, आणि पैसेबी घेत नाही. गाडी आणतो म्हणून असतंय ते."

"आणि काकूंचा डबा?"

"तो पुण्यात गेल्यावर. तोवर भूक मेलेली असती, पण हिनं दिलाय म्हणून संपवायचा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. म्हणजे डबा वाया जात नव्हता. तो पुरीभाजीच्या वर जात होता.

"कधी नको म्हणून पाहिलंत?"

"एकदा म्हणालो. मॅनेजर म्हणाला, का हो, आमच्यावर नाराज का? ड्रायव्हर हसायला लागला. नको वाटलं परत."

आम्ही आहारतज्ज्ञ ज्याला सरसकट 'बाहेरचं खाणं' म्हणतो ते इथे एवढंच होतं: एक टेबल, एक फुकटची प्लेट आणि नाही म्हटलं तर दुखावणारा माणूस. त्यात भुकेचा वाटा लहान आणि जिभेचा त्याहून लहान. कॅलरीचा तक्ता देऊन यावर काय होणार?

आता प्रश्न होता नेमक्या क्षणाचा. प्लेट समोर आल्यावरचा क्षण उपयोगाचा नाही, तोवर उशीर झालेला असतो. त्याच्या आधीचं काहीतरी हवं होतं, रोज न चुकता घडणारं. मी विचारलं, "गाडी हॉटेलात वळली की तुम्ही पहिलं काय करता?"

"ओरडतो की! 'गाडी वीस मिनिटं थांबेल, चहा-नाश्ता करून घ्या!'"

खूण त्यांच्याच तोंडी होती. रोज, त्याच जागी, त्याच शब्दांत. मला इतका आनंद झाला की काकूंना वाटलं काही विनोद झाला.

मग त्यांनीच लिहिलं, माझ्याकडून सांगून नाही: 'वीस मिनिटं थांबेल असं ओरडलो की मी सीटखालचा लहान डबा हातात घेऊनच खाली उतरीन.' टेबल बदला, बाहेरच बसा, असं मी सुचवून पाहिलं. ते त्यांना पटेना. ड्रायव्हरला एकटं सोडून बसायचं नसतं म्हणे. ठीक आहे. मग मॅनेजरचं काय? बर्लिनच्या राल्फ श्वार्झर यांच्या गटाने हृदयरुग्णांच्या व्यायामावर काम करताना दाखवलं होतं, की काय करायचं याच्या बेताला अडथळा आला तर काय करायचं याचीही जोड दिली तर तो जास्त टिकतो. काकांनी थोडा विचार केला. "काहीतरी घेतलंच पाहिजे, नाहीतर माणूस दुखावतो. पोऱ्या दिसला की मीच आधी म्हणीन, आज ताक आण." मला हे सुचलं नसतं. त्या हॉटेलच्या रिवाजाला धक्का न लावता नाही म्हणायची तऱ्हा त्याच रिवाजात वावरणाऱ्याला ठाऊक.

डब्याचं काकूंनी ठरवलं. कडक भाकरी, मोडाची मटकी, काकडी, शेंगाचटणी. कडक भाकरी सोलापूरबाहेरच्यांना पापडासारखी वाटते, पण प्रवासासाठी तिच्यासारखी दुसरी नाही, शिवाय सांडत नाही, आंबत नाही. चटणी चमचाभर, एवढंच मी बोलले. शेंगदाणा आणि तेल दोन्ही त्यात भरपूर, आणि आमच्याकडे चटणी वाटीने खाणारी घरं आहेत.

काकांना आता हुरूप आला. रात्रीच्या जेवणाचं लिहू, संध्याकाळच्या चहाचं लिहू, चालण्याचंही लिहू. मी कागद काढून घेतला. खाण्याच्या वाईट सवयींवर एकदम अनेक बेत केले तर एकाचाही धड परिणाम होत नाही, असं नेदरलँड्सच्याच संशोधकांना २०१३ मध्ये आढळलं होतं. आणि प्रयोग नसते झाले तरी मी हेच केलं असतं. सात नियमांचे तक्ते घेऊन गेलेले पेशंट मी पुष्कळ पाहिलेत.

"एवढंच?" काकू म्हणाल्या. पावसात सुट्टी टाकून आलेल्या माणसांना एक ओळ हातात घेऊन जाणं जड जातं, हे खरंय. मी काकांना ती ओळ मोठ्याने म्हणायला लावली, आरोळीसकट. बाहेरून शिपाई डोकावून गेला.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला: ८.१. सगळं श्रेय मी त्या ओळीला देणार नाही, गोळीची वेळ सुधारली होती हे विसरून चालणार नाही. आणि ८.१ म्हणजे काही गड जिंकला असंही नाही. पण काकांनी सांगितलेली गोष्ट मला आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटली. सुरुवातीला ड्रायव्हरने चिडवलं, पोऱ्याने दोनदा तरी प्लेट आणलीच, मग आपोआप ताक यायला लागलं. "आता ओरडलो की हात सीटखाली जातोय. ध्यानातबी राहत नाही." चटणी मात्र अर्धी ड्रायव्हर संपवतो.

या खेपेला ते आले ते आषाढीच्या तोंडावर, आणि हैराण होऊन. जादा गाड्यांची ड्युटी लागलेली. पंढरपूरच्या तात्पुरत्या स्टँडवरून फेऱ्या. मधे हॉटेल नाही, थांबा नाही, म्हणजे आरोळीही नाही. त्यात एकादशीचा उपवास आणि जागोजागी वाटली जाणारी साबुदाण्याची खिचडी. उपवासात गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारायला लावलं. मग नवा कागद. काकूंनी राजगिऱ्याची भाकरी, दही आणि काकडी देते म्हणून सांगून टाकलं. 'कुणी खिचडीचा द्रोण पुढं केला की' इथपर्यंत आमचं एकमत झालं. पुढच्या अर्ध्या ओळीवर अडलं.

"प्रसाद आहे, नको म्हणणार नाही," काका म्हणाले. "दोन घास खाईन, बाकी ड्रायव्हरला देईन."

"तुमचे दोन घास मला माहितेत," काकू म्हणाल्या. "हातात घ्या, कपाळाला लावा, आणि एक चमचा झाला की डब्याचं झाकण उघडून त्यात टाका. घरी आणा. सगळे मिळून खाऊ."

मी काकूंच्या बाजूने मत दिलं. काकांनी लिहिलं, पण 'एक चमचा' खोडून 'दोन चमचे' केलं, आणि काकूंनी तेवढं चालवून घेतलं.