सिलिंडरमधलं पाणी

अकरावीच्या वर्गात मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायचा ठरावीक गठ्ठा, शिकवताना एका गठ्ठ्यातला आकडा म्हणून फळ्यावर ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात लिहिला की मुलांचे दोन गट पडतात. एक गट आकडा वहीत उतरवतो, दुसरा खिडकीबाहेर बघतो. आकडा दोघांनाही सारखाच कळलेला असतो, म्हणजे मुळीच नाही.

मुळात ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, त्या इटालियन शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगॅड्रोलाही तो ठाऊक नव्हता. १८११ मध्ये त्याने एवढंच म्हटलं होतं की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूही सारखेच. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८५६ मध्ये तो गेला आणि चार वर्षांनी रसायनशास्त्रज्ञ कानिझारोने कार्ल्सरुएच्या परिषदेत त्याची बाजू लावून धरली. आकड्याला त्याचं नाव मिळालं ते १९०९ मध्ये.

तेव्हा मी आकडा बाजूला ठेवते आणि सिलिंडर घेते. आत गॅस १४.२ किलो. असतं प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, पण हिशेबापुरतं सगळं ब्युटेन धरू. त्याचे दोन रेणू जळायला ऑक्सिजनचे तेरा लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे आठ आणि पाण्याचे दहा होतात. हे समीकरण मुलं झोपेतही संतुलित करतील. पण रेणू मोजून कोण देणार? तराजू ग्रॅमचा. तिथे मोल कामाला येतो: ब्युटेनचा मोल ५८ ग्रॅमचा, पाण्याचा १८, कार्बन डायऑक्साइडचा ४४.

१४,२०० भागिले ५८, साधारण २४५ मोल. प्रत्येकामागे पाण्याचे पाच, म्हणजे १,२२५ मोल. वजन २२ किलो. इथे हमखास हात वर होतो. ‘मॅडम, चौदातून बावीस कसे?’ थांब बाळा, अजून ४३ किलो कार्बन डायऑक्साइड यायचाय! एकूण ६५. वरचे ५१ किलो हवेतल्या ऑक्सिजनचे. त्याचं बिल येत नाही, म्हणून तो कुणाच्या हिशेबातही नसतो.

पाणी दिसतं मात्र. थंड पाण्याचं पातेलं गॅसवर चढवा; पहिल्या मिनिटभरात त्याला बाहेरून घाम सुटतो, थेंब ओघळून शेगडीवर चुरचुरतात. आमच्याकडे पातेलं गळतंय म्हणून ते कल्हईवाल्याकडे निघालं होतं.

लिमिटिंग रीएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया अडवणारा पदार्थ, शिकवायला बरेच जण सँडविच घेतात: ब्रेड संपला, चीज उरलं. मला ते पटत नाही. चीज बिचारं बशीत पडून राहतं. बर्नरला हवा कमी पडली की गॅस असा गप्प बसत नाही. ज्योत पिवळी होते, पातेल्याच्या बुडाला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना रंग ना वास. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर जीव घेतो तो यानेच.

म्हणून शेवटचं गणित मी घरी करायला देते. एका सिलिंडरला हवा किती लागेल? उत्तर साधारण २२० किलो येतं. दहा बाय आठची, नऊ फूट उंच स्वयंपाकघरं घेतली, तर अशा नऊ खोल्या भरतील. मग मुलंच विचारतात, घरात गीझर कुठे लावलाय.