बर्लिनमधले पहिले सहा आठवडे: आधी टपालपेटीवर नाव लावा

नाशिकहून निघताना बॅगेत आठ किलो किराणा, एक कुकर आणि कागदांनी फुगलेली एक फाईल होती. फाईल बघून आई म्हणाली, "शिकायला चाललायस की तलाठ्याकडे?" सहा आठवड्यांनंतर सांगतो, आईचा अंदाज फारसा चुकला नाही.

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार, रात्री अकराला बर्लिनला उतरलो. तिकिटाचे झोन तीन: ए, बी आणि सी. शहर पहिल्या दोनांत बसतं, विमानतळ मात्र सीमध्ये. त्यामुळे तिथून एबीसी तिकीटच लागतं. स्थानकावर फाटक नाही, तिकीट तपासायला कुणी उभं नाही, म्हणून फुकट आहे असं समजू नका. साध्या कपड्यांतले तपासनीस डब्यात चढतात आणि दंड ६० युरो. मशीनमधून काढलेल्या कागदी तिकिटावर फलाटावरच्या पेटीत शिक्का मारायचा असतो. बिनशिक्क्याचं तिकीट असलं तरी तुम्ही विनातिकीटच. १ ऑक्टोबरपासून विद्यापीठाचा सेमिस्टर पास सुरू झाला आणि ही कटकट संपली. तो देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो, वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दुकानं बंद. पोटात विमानातला ब्रेड आणि घरात फक्त तूरडाळ. शेवटी मुख्य स्थानक गाठलं; तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. कोपऱ्यावरची छोटी 'श्पेटी' दुकानंही बरेचदा उघडी सापडतात, पण महाग. ३ ऑक्टोबरलाही राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हा त्या आठवड्यात उतरणाऱ्यांनी दोनदा हिशोब करावा.

खोली वेडिंग भागात मिळाली, मित्राच्या मित्राने सोडलेली. भाडं विचारताना 'काल्ट' की 'वार्म' हे आधी विचारा. काल्ट म्हणजे नुसतं घराचं, वार्म म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. वीज आणि इंटरनेट त्यातही बरेचदा वेगळं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी, असा कायदाच आहे. खोली बघण्याआधी कुणी पैसे मागितले, किंवा 'मी परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो' म्हणालं, तर तिथेच थांबा. माझ्या वर्गातल्या एकाचे पैसे असेच बुडाले.

आता मुख्य गोष्ट. इथे राहायला आल्यावर १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, अर्ज आणि घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. (त्या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. पाठ व्हायला मला आठवडा लागला.) खोली घेताना हे पत्र मिळणार का, हाच पहिला प्रश्न विचारा, 'नोंदणी करता येणार नाही' अशा खोल्या बऱ्याच असतात. नोंदणीची वेळ लवकर मिळत नाही, पण शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये (नागरी कार्यालयात) चालते. सकाळी लवकर उठून संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडत राहिलो, तेव्हा २१ ऑक्टोबरची वेळ सापडली, तीही पार श्पांडाउला. दिवाळीत सगळे फराळ करत होते, मी तिथे नंबर लावून बसलो होतो. १४ दिवस उलटून गेले होते, कुणी काही विचारलं नाही. तरी प्रयत्न केल्याचे स्क्रीनशॉट जवळ ठेवले होते.

एवढं करून बँकेचं कार्ड काही येईना. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो अडकलेले. त्यातले महिन्याला ९९२ सुटतात, पण ते चालू खात्यात. आणि माझ्या त्या खात्याचं कार्डच पत्ता नसल्यासारखं परत गेलेलं. कोल्हापूरच्या एका सीनियर दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, पेटीवर नाव लावलंस काय?"

इथे फ्लॅटला नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, बास. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नाही तर पत्र परत. कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीला आणि बेलला चिकटवलं, नवीन कार्ड मागवलं आणि तोवर रोख पैशांवर दिवस काढले. म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च आणि अनामत ब्लॉक्ड अकाउंटच्या भरवशावर ठेवू नका, वेगळी आणा.

खाण्याचं म्हणाल तर हाल होत नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी माइबाखउफरला कालव्याकाठी बाजार भरतो; मला तिथे भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या मिळाल्या. सुपरमार्केटमधलं '४०५' लिहिलेलं पीठ म्हणजे आपला मैदाच. माझ्या पहिल्या पोळ्या रबरासारख्या झाल्या. कणीक भारतीय दुकानातून घ्या. कुकर आणणार असाल तर इंडक्शनला चालणारा आणा. माझा ॲल्युमिनियमचा आहे, आता त्यात बटाटे ठेवतो. दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला बंदी आहे, त्यामुळे आजीचं साजूक तूप आधीच घरी ठेवून आलो होतो.

वर्गाच्या वेळापत्रकात १० पुढे 'सी.टी.' लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. मी पहिले तीन दिवस दहा वाजता रिकाम्या हॉलमध्ये बसलो.

आणि नाव लावल्यावर पेटीत पहिलं पत्र कशाचं आलं? रेडिओ-टीव्ही शुल्काचं, महिना १८.३६ युरो. माझ्याकडे टीव्ही नाही, रेडिओही नाही. पण ते घरटी लागतं. घरातलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा, म्हणजे पुन्हा भरावं लागत नाही. माझा रूममेट भरतो. आता महिन्याला निम्मे त्याला देतो.