डबल आहे का?

शनिवारी दुपारी जेवण जरा जास्तच झालं होतं, डुलकी लागायच्या बेतात असताना दारावर टकटक. शेजारचे म्हातारबुवा, काखेत बुटाचा खोका. म्हणजे आज कार्डं.

न्यू जर्सीत येऊन 19 वर्षं झाली पण बेसबॉल काही अंगात भिनला नाही, बॉल एवढा लांब मारल्यावर बॅट टाकून का पळायचं हे मनाला पटतच नाही. तरी एका गराज सेलमध्ये पाच डॉलरला बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या फोटोकार्डांचा डबा दिसला आणि हात गेलाच. बायको म्हणाली यातला एक तरी ओळखतोस का? नाही ओळखत. काडेपेटीवरचा घोडा तरी कुठे ओळखीचा होता.

बुवांचं व्रत एकच, टॉप्स नावाच्या कार्डं छापणाऱ्या कंपनीचा 1987चा सेट. लाकडी फळीसारखी बॉर्डर, एकूण 792 कार्डं. त्या काळात कंपन्यांनी इतकी भरमसाट छापली की आज अख्खा सेट दोघांच्या हॉटेलच्या बिलात येतो. मी एकदा म्हणलं, बुवा, ऑनलाइन मागवून टाका की. आमच्या आजीला विकतच्या पुरणपोळ्या सुचवल्या असत्या तर तिने जसं बघितलं असतं तसं बघितलं त्यांनी. अदलाबदल करूनच पूर्ण करायचा, बास.

खरी महाग कार्डं वेगळीच. मिकी मँटल या जुन्या बेसबॉल स्टारचं 1952चं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, आणि त्याच सालची न खपलेली खोकीच्या खोकी टॉप्सने पुढे अटलांटिकमध्ये नेऊन बुडवली म्हणतात. बुवा हे सांगताना दर वेळी छातीवर हात ठेवतात, घरातलं कोणी गेल्यासारखं.

मग आमचं सुरू होतं. कार्ड कडेला धरायचं, कोपरे बघायचे, पाठीवर बबलगमचा डाग आहे का बघायचं (तेव्हा पाकिटात गमची पट्टी यायची, तिचे चिकट डाग अजून तसेच आहेत). आणि मुख्य म्हणजे हवं ते कार्ड दिसलं तरी चेहरा पडका ठेवायचा. बुवांना हे जमत नाही, त्यांच्या भुवया आधी बोलतात.

मला जमतं. साताऱ्यात एसटी स्टँडमागच्या टपरीजवळ शिकलोय. काडेपेटीचे छाप गोळा करायचो, विडी ओढणाऱ्याची पेटी कधी रिकामी होतेय बघत उन्हात उभं राहायचं, हाकलला तरी परत. आमच्यात तीन जहाजांना एक घोडा असा भाव होता, शिवकाशीकडचं काही रंगीत मिळालं तर भाव त्यावेळी ठरेल तो. वाण्याच्या पोराने एकदा विचारलं, घोडा डबल आहे का रे? खिशात तीन होते. नाही म्हणलं. कशासाठी, माहीत नाही, तो तर पाच जहाजं द्यायला तयार होता. पुढच्या वर्षी ते लोक दुकान विकून गेले आणि माझे छाप आईने पावसाळ्यात बंबात घातले.

असो. बुवांकडे बाँड्स, मॅग्वायर कधीचे आहेत. स्टार लोकांची कार्डं सगळ्यांनी जपली, अडतात ती साधी, ज्यांना हे लोक कॉमन म्हणतात, कुठल्यातरी राखीव पिचरची वगैरे, पोरांनी सायकलच्या चाकात फडफडायला लावून संपवलेली. पाकिटाच्या मागे लिहिलेली यादी त्यांनी काल परत टेबलावर ठेवली, चारच नंबर राहिलेत. चष्मा वर करून म्हणाले, यातलं काही?

मी डबा चाळला, चांगला दोनदा चाळला. नाही हो, म्हणलं, पुढच्या शनिवारी नीट बघतो.

ते कार्ड महिनाभरापासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पासपोर्टखाली. डबल आहे.