मोठ्या आईचा कारभार

मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांची आई, गेल्या पौषात गेली. भेटायला आलेल्या बहुतेकांनी तिच्या त्यागाबद्दल आणि सोशिकपणाबद्दल सांगितले. ते सगळे आपुलकीने बोलत होते, तरीही ज्या गुणामुळे ती आमच्या कुटुंबाची कर्ती होती, तो गुण त्या बोलण्यात आलाच नाही असे मला वाटत राहिले. ती सोसत बसणारी नव्हती. ती ठरवणारी होती आणि ठरवलेले सगळ्यांकडून करवून घेणारी होती.

काटोलच्या संत्र्याच्या बागेत वाढलेली ही मुलगी 1956 च्या उन्हाळ्यात लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्या महिन्यात विदर्भ मुंबई राज्यात जाऊन नागपूरचे राजधानीपण संपले. घरातल्या जन्म-मृत्यूंची सालेसुद्धा ती या दोन घटनांच्या आधीची की नंतरची, अशीच लक्षात ठेवत असे. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये विणकाम खात्यात होते. त्यांचा पगार हातात आला की किराणा, दूध, औषधे आणि मुलींची फी यांचे वाटे ती त्याच संध्याकाळी करी. पुढची खोली एका विद्यार्थ्याला भाड्याने देण्याचा निर्णयही तिचाच होता, आणि त्या भाड्यावर माझ्या दोन्ही आत्या एल.ए.डी. कॉलेजात शिकल्या. नातेवाइकांचा विरोध होता, असे आत्या सांगतात. मोठी आई मात्र त्या विरोधाचा विषयही काढत नसे.

तिचा खरा कारभार दिसायचा तो भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या, म्हणजे ज्येष्ठागौरींच्या वेळी. तान्ह्या पोळ्याला काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे आमच्या भागातून वाजतगाजत गेले की दुसऱ्या दिवशी तिची लाल कापडी बांधणीची वही बाहेर निघे. गहू किती, हरभऱ्याची डाळ किती, सोळा भाज्यांपैकी कोणत्या बुधवार बाजारातून आणायच्या आणि कोणत्या काटोलहून येणार, फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या कोण तळणार, हे सगळे त्या वहीत असे. पुरण तिला पाट्यावर वाटलेलेच लागे. डाळ बोटांत धरून चुरायची, मध्ये कणी लागली की पातेले पुन्हा चुलीवर चढवायचे, आणि गूळ घालायचा तो तिने मान हलवल्यावरच. ज्वारीच्या आंबिलीला आधण आल्यावर ढवळणारा हात थांबला, तर ती दुसऱ्या खोलीतून हाक मारी, कारण गाठी होण्याआधी पळीचा आवाज बदलतो हे तिला ठाऊक होते.

पूर्वी आमच्याकडे जेवणावळ संपेपर्यंत रांधणाऱ्या बायका उपाशी असत. ही पद्धत तिने मोडली. घरच्या सुना दुसऱ्या पंगतीला बसतील आणि वाढायला मुलगे उभे राहतील, असे तिने एका वर्षी आदल्या रात्रीच जाहीर केले. माझ्या वडिलांनी आणि काकांनी त्या वर्षापासून पुरणपोळी वाढली, तुपाची धार सोडायला ते तेव्हाच शिकले.

आजोबा गेल्यानंतर पहिल्या महालक्ष्म्यांना पूजेला थोरल्या सुनेने बसावे असे ठरले, आणि ते तिने मुकाट्याने मान्य केले. मात्र हळदीकुंकवाच्या वेळी ती दारातल्या कोपऱ्यात बसलेल्या आपल्या विधवा नणंदेला हाताला धरून आत घेऊन आली आणि सुनेला म्हणाली, “आधी हिला लाव, मग मला.” क्षणभर कोणीच हलले नाही. मग काकूंनी करंडा पुढे केला. त्यावर नंतर चर्चा झाली, दोन घरांनी येणेही थांबवले. पण पुढच्या वर्षी नणंदेचे पान मोठ्या आईच्या शेजारीच मांडले गेले. माझ्या मते तिने आयुष्यात घेतलेला हा सर्वांत मोठा निर्णय होता, आणि त्यासाठी तिने कुठल्याही शास्त्राचा किंवा भाषणाचा आधार घेतला नाही.

मायाही तिच्याकडे भरपूर होती. परीक्षेच्या दिवसांत गोळाभात करून त्यावर मोहरी-हिंगाचे कडकडीत तेल ओतताना ती प्रत्येकाच्या ताटाशी थांबे. वैशाखात सरगुंडे उकडून आमरसाबरोबर वाढताना कोणाला किती लागतात हे विचारावे लागत नसे. तरीही तिला केवळ प्रेमळ आजी म्हणून आठवणे मला अपुरे वाटते, कारण आमच्या घरातल्या बायकांना आज जे मोकळेपण आहे, ते तिच्या मायेइतकेच तिच्या हुकमामुळे आले.

वर्षाच्या आत सण करावा की नाही, यावर तिच्या तेराव्यालाच वाद सुरू झाला होता. काकूंनी वही काढली. शेवटच्या भरलेल्या पानावर तिने थरथरत्या अक्षरांत लिहून ठेवले होते, “मी गेल्यावर त्या वर्षी लोक बोलावू नयेत. दोन्ही महालक्ष्म्यांचा नैवेद्य चुकवू नये. आंबील करावीच. गहू काटोलहून न आणता इथेच घ्यावे.” तेव्हा या भाद्रपदात पंगत नाही, सोळा भाज्या घरापुरत्या होतील, आणि पाट्यावर पुरण वाटायला धाकटी आत्या येणार आहे.