वास नेमका कुठून येतो, हे कळेपर्यंतची आमची वाटचाल

आम्ही सुरुवात केली तंबू आणि स्लीपिंग बॅग भाड्याने देण्यापासून, टॉयलेटचा विषय डोक्यातही नव्हता. पण ज्यांच्यासोबत वयस्कर आईवडील किंवा लहान मुलं असायची ते लोक हमखास विचारायचे, बाकी सगळं ठीक आहे हो, पण रात्री टॉयलेटचं काय? म्हणून आम्ही चार पोर्टेबल टॉयलेट घेतले. वरच्या टाकीत फ्लशचं पाणी, खालच्या टाकीत घाण, मधे सरकणारी झडप, एवढंच ते यंत्र.

पहिल्याच सीझनला तक्रारी आल्या. वास येतो. मी आणि बायको रात्री उशिरापर्यंत घासत बसायचो, ब्लीच ओतायचो, टाकी आतून लख्ख व्हायची आणि पुढच्या ट्रिपला वास उलट वाढलेला असायचा. दोन गिऱ्हाईकं तर कायमची गेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

मग एके दिवशी बायकोने झडपेभोवतीचं रबरी सील काढून टॉर्चखाली धरलं. बोटाने जरा वाकवलं तर केसाएवढ्या बारीक चिरा दिसल्या आणि रबर पार कडक झालेलं. वास तिथून बाहेर येत होता, आणि ते सील खराब केलं होतं आमच्याच ब्लीचने.

त्या दिवसापासून ब्लीच बंद. आता साधा सौम्य साबण आणि कोमट पाणी, टाकीच्या तळाला लघवीचे पिवळट खडे धरले असतील तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं (हे आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो, खूप गांभीर्याने सांगतोय). सील पूर्ण वाळलं की सिलिकॉनच्या वंगणाचं हलकं बोट फिरवायचं. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं.

गिऱ्हाईकाला देतानाही आम्ही दहा मिनिटं काढून समजावतो. 20 लिटरची टाकी काठोकाठ भरली तर 20 किलोच्या वर जाते, उचलताना हात घसरतो, म्हणून पाऊण भरली की रिकामी करा. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर गचके बसतात आणि अंगावर उडतं. ओतायचं ते नेहमीच्या पक्क्या टॉयलेटमध्ये किंवा त्यासाठी ठेवलेल्या जागीच, ओढ्यात किंवा झाडीत अजिबात नाही. आणि सेप्टिक टँकमध्ये जाणार असेल तर फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल वापरू नका, तिथले कामाचे जिवाणू त्याने मरतात. वेट वाइप्स तर टाकूच नका, ते विरघळत नाहीत, झडपेत अडकलेले आम्ही चिमट्याने काढलेत.

हळूहळू लोक स्वतःचे टॉयलेटसुद्धा सर्व्हिसिंगला आणायला लागले, आणि आज भाड्यापेक्षा हेच काम जास्त आहे. बहुतेकांचा रोग एकच असतो, सीझन संपला की ओली टाकी झडप बंद करून ठेवलेली, आत बुरशी आणि सील चिकटलेलं. झडप उघडी ठेवून वाळवली असती तर आमच्याकडे यायची गरजच पडली नसती, आणि हे आम्ही त्यांना सांगतोच, धंदा कमी झाला तरी चालेल.

काम झालं की खालच्या टाकीत दोन लिटर पाणी घालून ती जुन्या पेपरवर रात्रभर आडवी ठेवतो. सकाळी बायको आधी पेपर हाताने चाचपते, कोरडा लागला तरच टॉयलेट गिऱ्हाईकाच्या हातात जातं.