वळण नसलेला रस्ता

गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे रस्त्यांच्या चौफेर फोटोंमधून, भटकायचं म्हटलं की लोक पॅरिस नाहीतर टोकियो उघडतात. मी ऑस्ट्रेलियातला आयर हायवे धरला. नॉर्समन ते सेडूना, जवळपास 1200 किलोमीटर, मधे नलारबॉरचं सपाट मैदान. नियम एकच: नकाशावरून पुढे उडी मारायची नाही. बाणावर क्लिक करत जायचं, रोज रात्री थोडं थोडं.

पहिला मोठा थांबा बॅलडोनिया. 1979 मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक कोसळलं त्याचे तुकडे या भागात पडले. तेव्हा इथल्याच एस्परन्स गावाच्या स्थानिक प्रशासनाने कचरा टाकला म्हणून अमेरिकेला 400 डॉलरचा दंड ठोकला होता. मला हे भारी आवडतं.

बॅलडोनिया आणि कायगुनाच्या दरम्यान रस्ता 146.6 किलोमीटर नाकासमोर जातो. एका क्लिकला दहाएक मीटर सरकतो आपण, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. मनगटाची वाट लागते. पण खरी मजा इथेच आली. बघण्यासारखं काही नसलं की माणूस बारकाईने बघायला लागतो. एकदा सहज मागे वळून पाहिलं, तर एक पांढरी कॅरव्हॅन येत होती. नंबरप्लेट अर्थातच पुसट केलेली. पुढच्या क्लिकला ती जवळ, आणखी पुढे बाजूला, मग ओव्हरटेक करून समोर. बराच वेळ तिच्या मागून गेलो, सोबत झाली म्हणा ना. आणि एका क्लिकला ती गायब! आकाश ढगाळ, डांबराचा रंग वेगळा. कोपऱ्यात पाहिलं तर फोटोचा महिना आणि वर्ष दोन्ही बदललेले. कॅमेऱ्याच्या दोन वेगवेगळ्या फेऱ्या तिथे जोडल्या होत्या.

मधेच रस्त्यावर पियानोच्या पट्ट्यांसारखे जाड पांढरे पट्टे येतात. ती धावपट्टी. फ्लाइंग डॉक्टर या विमानाने येणाऱ्या वैद्यकीय सेवेचं विमान गरज पडली तर थेट हायवेवर उतरतं. उंट, वॉम्बॅट आणि कांगारू अशा तिघांची पिवळी पाटीही इथलीच. प्रत्यक्षात उंट दिसेल म्हणून मी झुडपं झूम करकरून पाहिली. नाही दिसला.

युक्लाच्या आसपास घड्याळं पर्थच्या पाऊण तास पुढे असतात. मला त्याचं काय? माझ्या स्क्रीनवर कायम दिवसच.

बुंडाचे कडे मात्र हायवेवरून नीट दिसत नाहीत. तिथे नियमाला मुरड घातली, पिवळा पेगमॅन, म्हणजे नकाशावरचा छोटा माणूस, उचलला आणि कड्याजवळच्या एका निळ्या ठिपक्यावर, म्हणजे जिथे फोटो आहे तिथे, सोडला. जमीन तिथे सुरीने कापल्यासारखी संपते आणि खाली थेट समुद्र. दहा मिनिटं तिथेच गोल गोल फिरत होतो.

सेडूनाला पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या तपासतात, फळं-भाज्या आत नेऊ देत नाहीत. मी क्लिक करून निघालो. ॲडलेड अजून पावणेआठशे किलोमीटर आहे.